दहापैकी किती

नागपूरहून फोन आला तेव्हा मी धुऱ्यावर होती.
काखेत पऱ्ह्यांच्या पेंढ्या, हात कोपरापर्यंत चिखलाचे,
म्हणून सायत्रानं फोन माझ्या कानाला धरला.
दुर्पताबाई दिघोरे का? ऑपरेशनला वर्ष झालं,
थोडे प्रश्न होते, वेळ आहे का?

पोरीचा आवाज कोवळा. तिला वेळेचं काय सांगू.
बांधीत बारा बाया वाकलेल्या,
पेंढ्या संपल्या की बारा तोंडं माझ्याकडे वळतात.
विचार, म्हटलं.

दुखणं दहापैकी किती?

पहिल्या खेपेला भंडाऱ्यात हाड कापून सरळ केलं होतं.
लिंबाएवढी गाठ गेली,
जोडव्याच्या बोटावर चढून बसलेला अंगठा खाली उतरला.
मी पट्ट्याची निळी चप्पल घेतली.
तीन वर्षं.
मग तो पुन्हा वळायला लागला, जू न मानणाऱ्या गोऱ्ह्यासारखा,
आणि आतून असा घासायचा
की रात्री पायावर वाकळीचं वजन सोसवेना.

दुसऱ्या खेपेचा डॉक्टर सरळ बोलला.
सांधा ठेवला तर दुखणं राहील,
दुखणं काढायचं तर सांधा जाईल.
दोन हाडांचं एक करून टाकू, वरून पट्टी, सहा स्क्रू.
मग वाकंल कसा, मी विचारलं.
वाकणार नाही, तो म्हणाला.

एक, म्हटलं. थंडीत दोन.

उंच टाचेची चप्पल घालता येते का?
इथे सायत्रा एवढी हसली
की फोन चिखलात पडता पडता राहिला.

खाली बसता येतं का?
बसता येतं. उठताना अडतं.
सारवायला गुडघे टेकले की अंगठा आडवा येतो,
दाराला लावलेल्या अडसरासारखा.

रोवणीचं तिनं विचारलंच नाही.
तिच्या कागदात तसा रकाना नसेल.
रोवणीत बाई मागं चालते, पोरी.
पाठीला डोळे नसतात, अंगठा असतो.
आधी तो बुडतो,
गाळ किती, खडा कुठं, खेकड्याचं बीळ कुठं, पाहून घेतो,
मग टाच टेकते, मग आख्खी बाई.
चाळीस वर्षं मी अशी मागं मागं गेली
आणि समोर हिरवं होत राहिलं.
आता उजवा अंगठा चिखलात जातो तो खुंट्यासारखा.
जातो, पण काही सांगत नाही.
मागच्या पावसाळ्यात दोनदा पाण्यात बसली, लुगड्यासकट.
तेव्हापासून धुऱ्यावर. पेंढ्या फेकते.
मजुरी तेवढीच. बायांनी आपसात ठरवलं,
मला नंतर कळलं.
हे कुठं लिहिशील?

ती म्हणाली, शेवटचं. समाधान किती, दहापैकी?

मी खाली पाहिलं.
ओल्या धुऱ्यावर सकाळपासूनची माझीच पावलं.
आधी माझं पाऊल कोणीही ओळखायचं,
अंगठा बाकीच्या बोटांत तोंड खुपसून निजलेला.
सायत्रा माग काढत यायची,
दुर्पता नाल्याकडंच गेली, म्हणायची, पैज लावून.
आता चार बोटं रुततात,
अंगठ्याच्या जागी मातीला नुसतं शिवल्यासारखं.
कोणाचंही असेल असं पाऊल.
दुखत मात्र नाही. खरंच नाही.
रात्री वाकळ ओढून झोपते, पायावरून.

सात, म्हटलं.

तिनं सात लिहिलं असेल. मग म्हणाली,
डाव्या पायालाही गाठ आहे असं इथं दिसतं,
त्याचं कधी करायचं?

बांधीतून हाक आली, काऊन वो दुर्पता, पेंढ्या!
मी डावा पाय धुऱ्यावरून खाली सोडला.
वाकडा आहे. दुखतो.
गाळ गार आहे, म्हणाला,
इथं एक दगड आहे, जरा बाजूनं.

राहू दे सध्या, म्हटलं.